ड्रायव्हरने काही केलेलं नाही

पुस्तक हातात घेतलं की अक्का आधी चष्मा पदराने पुसायच्या, मग पान उघडायच्या, आणि पहिली ओळ वाचण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "आधीच सांगून ठेवते. ड्रायव्हरने काही केलेलं नाही."

आता मला सांगा, रहस्यकथा अशी वाचतात का? मी धुळ्याहून लग्न होऊन जळगावला, पिंप्राळ्यात आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल. नव्या सुनेने गप्प बसावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी उपयोग नव्हता. मी म्हटलं, "अहो अक्का, मग मजा काय राहिली? एक माणूस तर तुम्ही आधीच वजा करून टाकला." अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "धुळ्याची का तू? अगं, बंगल्यात बाकीचे खूप आहेत. त्यांच्यावर घे की संशय." आणि वाचायला लागल्या. तेव्हापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी कायमची 'धुळ्याची'.

गल्लीतली पोरं अक्कांना 'खूनवाल्या अक्का' म्हणायची. अक्कांना ते आवडायचं. एरवी त्या बालवाडीत मदतनीस होत्या. नाक पुसणं, चड्ड्या बदलणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन खिडकीतून बकरी दाखवणं, असं त्यांचं काम. पण उन्हाळा लागला, बालवाडीला सुट्टी पडली, की खुनांचा हंगाम सुरू व्हायचा. कारण तोच आमचा पापडांचाही हंगाम.

आमच्या गल्लीत उडदाचे पापड एकटीने कुणी करत नसे. आज विमल वहिनींकडे, उद्या कौतिकबाईंकडे, परवा माझ्याकडे. ज्या घरी पापड, त्या घरी सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं बगलेत मारून हजर. तू माझे लाट, मी तुझे लाटते, असा सरळ व्यवहार. पीठ कुटायचं काम कौतिकबाईंचं. पारोळ्याकडच्या खेड्यातल्या त्या, हाडापेराने मजबूत, बोलायच्या अहिराणी, आणि मुसळ असं घालायच्या की शेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. मग तेलाचा हात लावून लाट्या पाडायच्या आणि आम्ही गोल करून बसायचो. दारं-खिडक्यांना ओले पडदे, बाहेर डोकं फिरवणारं ऊन, आणि आत पंखा बंद. पंख्याने पापडाच्या कडा वाळतात. जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसायला काय लागतं ते जळगावकरांनाच विचारा. आमच्याकडे खून होते म्हणून आम्ही बसू शकायचो.

अक्कांना लाटता येत नव्हतं. येत होतं पूर्वी, पण कापसाच्या एका जिनात कामाला असताना उजव्या हाताची बोटं यंत्रात सापडली, आणि जी उरली ती वळेनात. पिंप्राळ्यात राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्याही पोळपाट घेऊन आल्या होत्या म्हणे. बसल्या, लाटी ठेवली, आणि लाटणं दर वेळी हातातून निसटून खाली गडगडत जाई. बायका न बघितल्यासारखं करत होत्या. शेवटी कौतिकबाईंनी ते लाटणं उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "तुले वाचता येस ना? मंग तू वाची दखाड. आमी लाटतस." ही गोष्ट मी येण्याच्या आधीची. पण त्या दिवसापासून अक्कांचं वाचन हेच त्यांचं लाटणं ठरलं. त्यांच्या घरचे पापड सगळ्याजणी मिळून लाटून द्यायच्या, आणि कुणी कुणावर उपकार केल्याचा सूर कधी लागला नाही.

पुस्तकं त्या आणायच्या जळगावातल्या एका वाचनालयातून. दुकान कसलं, जिन्याखालची खोपटी ती. तिथे एका डिटेक्टिव्हची मालिका मिळायची. उदयराज त्याचं नाव. हा उदयराज साध्यासुध्या माणसांच्या भानगडीत पडायचा नाही. त्याच्याकडे यायचे ते मुंबईचे गिरणीमालक, हिऱ्यांचे व्यापारी, सिनेमातल्या नट्या, मोठे गवई, नाहीतर निवडणुकीला उभे राहिलेले पुढारी. कुणाचा गळा आवळलेला, कुणाची तिजोरी रिकामी, कुणाची मुलगी ऐन साखरपुड्यातून नाहीशी. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एक बाई, तिचा पदर ठिकाणावर नाही, आणि मागे पिस्तूल. असली पुस्तकं घेऊन गल्लीतून यायचं म्हणजे पंचाईत. अक्कांनी त्यावर उपाय काढला होता. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं त्या कव्हर म्हणून घालायच्या, आणि कॅलेंडरवर देवच असायचे. एकदा विमल वहिनींचे सासरे दारावरून जाताना थांबले, आम्ही सगळ्या मान खाली घालून ऐकतोय बघून त्यांनी चपला काढल्या आणि पोथीला लांबूनच हात जोडले. आत त्या वेळी एका बँकेच्या चेअरमनला पोहण्याच्या तलावात बुडवत होते. आम्ही कुणी वर बघितलं नाही. विमल वहिनींनी तर पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

श्रीमंतांच्या घरचे खून आम्हाला शेजारच्या घरातले वाटायचे. गिरणीमालक एसी लावलेल्या खोलीत मेलेला सापडला, तेव्हा सगळ्या हळहळल्या ते तो गेला म्हणून नाही. कौतिकबाई कपाळावरचा घाम दंडाला पुसत म्हणाल्या, "गारव्यामा मरना ना? चांगलं मरन शे, माय." नटीला कॉफीतून विष दिलं तर विमल वहिनी खवळल्या. एवढी मोठी बाई, हाताखाली इतके नोकर, पण आपली कॉफी आपण करून घ्यायला काय झालं होतं? कुणाच्या हातचं घ्यावं, कुणाच्या हातचं घेऊ नये, एवढं बाईमाणसाला कळू नये? विमल वहिनींचं असं असायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण लाटायच्या असं की त्यांच्या पापडातून पोळपाटावरची नक्षी दिसायची.

उदयराजची मात्र सगळ्यांना काळजी. त्याचं लग्न झालेलं नव्हतं आणि पुस्तकभर तो कधी जेवायचा नाही. सकाळी खंडाळ्याला, दुपारी कुलाब्याला, संध्याकाळी कुणाच्यातरी पार्टीत, आणि पोटात सिगारेटचा धूर. कौतिकबाईंनी एकदा मुसळ खाली ठेवून विचारलं की ह्या पोराला कुणी जेवायला वाढतं की नाही. अक्का क्षणभर थांबल्या, पानात बघितलं, आणि पुढे वाचलं, "त्यानंतर उदयराजने शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, वर ताक प्याला, आणि गाडी काढली." मग दर पुस्तकात तो नियमाने जेवायला लागला. वांग्यांच्या दिवसांत त्याला भरीत मिळायचं. पुढे कधीतरी त्यातलं एक पुस्तक मी स्वतः वाचून बघितलं, आणि खोटं सांगत नाही, उदयराज उपाशी बघून मला वाईट वाटलं.

पण ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. तिथे अक्का पदरचं काही घालत नव्हत्या. त्यांनी वाचनालयवाल्याला बजावून ठेवलं होतं की नोकरमाणसाने गुन्हा केलेलं पुस्तक मला द्यायचं नाही. तो बिचारा शेवट आठवून, नाहीतर शेवटची पानं चाळून, मगच पुस्तक हातात ठेवायचा. म्हणून तर अक्का इतक्या खात्रीने सांगायच्या. आणि आम्ही कुणी 'का' म्हणून विचारत नव्हतो, कारण 'का' ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाही लग्नानंतर महिन्याभरात सासूबाईंनी सांगून टाकलं होतं.

अक्कांचे यजमान ड्रायव्हर होते. धरणगावकडच्या एका जिनिंगवाल्या शेठची गाडी चालवायचे. शेठच्या घरी लग्न निघालं आणि लग्नाच्या धामधुमीत शेठाणीबाईंचा चपलाहार गेला. घरात पाहुण्यांची ही गर्दी, पण पोलिसांनी नेलं ते ड्रायव्हरला. विचारलं, ठेवून घेतलं, सोडून दिलं. त्यांनी चोरला असं काही निघालं नाही. त्यांनी चोरला नाही असंही कुणी म्हटलं नाही. शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मग गावात दुसरं कुणी गाडीची किल्ली हातात देईना. ते ट्रकवर लागले, सुरतेच्या बाजूला गेले. आधी दिवाळीला यायचे, मग तेही बंद झालं. आपल्या खान्देशातून सुरतेला गेलेली माणसं कमी नाहीत, पण ती सणावाराला दिसतात. हे दिसेनासे झाले.

अक्कांनी वाट बघणं सोडलं नव्हतं. नवापूरच्या अलीकडे एक ढाबा होता, तिथे त्यांचा ट्रक थांबतो एवढं कळलं होतं. आणि आमचे हे एसटीत ड्रायव्हर, त्यांची ड्युटी जळगाव-सुरत. म्हणून दर उन्हाळ्यात पापड वाळले की अक्का एक पत्र्याचा डबा घेऊन आमच्या दारात यायच्या. "भाऊ, एवढा ढाब्यावर ठेवाल का?" बाकी निरोप काही नाही. हे डबा ढाबेवाल्याकडे ठेवायचे, आणि कधीतरी पुढच्या फेरीला ढाबेवाला तो परत द्यायचा. रिकामा.

आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत देत नाही. शेजारणीची वाटी असली तरी चिमूटभर साखर टाकून देतात. काहीच नसलं तर मिठाचे खडे. एवढं काय अक्कांच्या यजमानांना माहीत नव्हतं? अक्का आमच्या ओट्यावर उभ्या राहून झाकण काढायच्या, आत बघायच्या, झाकण लावायच्या. म्हणायच्या, "पोचले म्हणजे झालं." मला त्या वेळी त्या माणसाचा इतका राग यायचा की हे घरी आले की मी उगाच यांच्याशीच भांडायचे. हे म्हणायचे, "अगं, मी फक्त डबा नेतो."

मग तो उन्हाळा आला. त्या वर्षी लग्नसराईत वाचनालयवाला गावी गेला होता आणि दुकानात त्याचा मेहुणा बसला होता. त्याला नोकरमाणसाचा नियम काय माहीत. त्याने उदयराजचं वरचं पुस्तक उचललं आणि अक्कांच्या हातात दिलं. पापड माझ्या घरी होते. अक्कांनी चष्मा पुसला, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि वाचायला लागल्या. एका प्रसिद्ध नटीचा मोत्यांचा हार तिच्या मुलीच्या लग्नात नाहीसा होतो, अशी ती गोष्ट होती. हार म्हटल्यावर आमची लाटणी जरा मंदावली. अक्कांचा आवाज मात्र तसाच होता. निम्मं पुस्तक त्या दिवशी झालं. पापड उरले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जमायचं ठरलं. पुस्तक माझ्या कोनाड्यातच राहिलं, आणि संध्याकाळी विमल वहिनी 'जरा बघते' म्हणून ते घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का पान शोधत होत्या आणि विमल वहिनींना काही राहवेना. "अक्का, या खेपेला तुमचं चुकलं हं. ड्रायव्हरच आहे. मी शेवट वाचलाय."

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पिठासारखा झाला. लाटणी तेवढी चालत होती, कारण हात थांबले असते तर आणखी वाईट दिसलं असतं. अक्कांनी शेवटची पानं उघडली. मनातल्या मनात वाचली, सावकाश, ओठ हलत होते. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि त्यावरच्या कॅलेंडरातल्या देवावर पालथा हात ठेवला.

"पुस्तकात असेल," त्या म्हणाल्या. "पण आमच्या यांनी घेतला नव्हता."

इतक्या वर्षांत आम्ही हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. म्हणजे हकीकत सगळ्यांना माहीत, पण ती आमच्यात फिरायची, त्यांच्यासमोर नाही. त्या दिवशी त्यांनीच सांगितली. लग्नाच्या दिवशी यजमानांनी पाहुणे स्टेशनवरून किती खेपा करून आणले, जेवायलासुद्धा सवड नव्हती; बंगल्याच्या माजघरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं; हार गेल्याचा बोभाटा झाला तेव्हा ते गाडी पुसत होते. "चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय," अक्का म्हणाल्या. विमल वहिनी हळूच म्हणाल्या, "मग हार गेला कुठे?" अक्का म्हणाल्या, "मला काय माहीत बाई. ते काम उदयराजचं." आम्हाला वाटलं, संपलं. मी पाणी आणायला उठलेसुद्धा.

"बस गं धुळ्याची," अक्का म्हणाल्या. "खरं ते सांगायचंच राहिलंय."

मी बसले.

"पोलिसांनी सोडलं तेव्हा भर दुपारी घरी आले. पायरीवर बसून चपला काढत होते. मी पाण्याचा तांब्या दिला. आणि विचारलं, घेतला का हो तुम्ही?"

बाहेर कुणीतरी सायकलवरून बर्फ विकत चालला होता, त्याची घंटी ऐकू येत होती.

"काही बोलले नाहीत. पाणी प्याले, तांब्या उपडा ठेवला, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. बायांनो, मला माहीत होतं त्यांनी घेतला नाही. देवाशपथ माहीत होतं. माहीत असताना विचारलं. एकदा त्यांच्या तोंडून 'नाही' ऐकावं, एवढंच. पण त्यांना सगळ्या जगाने तेच विचारलं होतं. पोलिसांनी विचारलं, त्यांचं कामच विचारायचं. शेठने विचारलं, त्याचा हार गेलेला. मी कशाला विचारलं? मी सांगायला पाहिजे होतं. ते दारात आले की त्यांनी तोंड उघडायच्या आधी सांगायला पाहिजे होतं. ते बाहेर पडले ते चोरीच्या आळापायी नाही पडले. माझ्या विचारण्यापायी पडले."

तेव्हा मला कळलं की पुस्तक उघडायच्या आधी अक्का ते वाक्य का म्हणायच्या. आम्हाला नव्हत्याच त्या सांगत. मी पदराने डोळे पुसले, आणि पदराला पापडखाराचं पीठ, त्याने डोळे आणखीच चुरचुरले. रडलेली दिसू नये म्हणून केलं आणि सगळ्यांत जास्त रडलेली मीच दिसले.

कौतिकबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी लाटी तेलात बुडवली, पोळपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "मंग आते सांगी टाक."

"आता कसलं सांगू? किती वर्षं झाली."

"उशीर व्हयना ते व्हयना. तो जित्ता शे ना? पापड खास ना तुना? मंग पापडसोबत सांगाड."

विमल वहिनी इतका वेळ मान वर करत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, ड्रायव्हरने काही केलेलं नाही. लिहिणाऱ्याला काय माहीत? तो तिथे होता का?" मग आम्ही सगळ्यांनीच आळीपाळीने तेच म्हटलं. कुणी ठरवलं नव्हतं. एकेकजण पापड उचलून बाजेवरच्या साडीवर टाकायला उठायची आणि जाता जाता म्हणायची, नाही हो अक्का, त्यांनी नाही घेतला. अक्का प्रत्येकीकडे बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याबद्दल असं कुणी म्हटल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे.

पापड वाळल्यावर अक्का डबा घेऊन आल्या. हे खाकी कपडे घालून निघायच्या तयारीत होते. अक्कांनी डबा दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या. परपुरुषाकडून नवऱ्याला असला निरोप पाठवायचा म्हणजे काय सोपं असतं? पदर सारखा केला, उंबऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "भाऊ, ढाबेवाल्याजवळ नका देऊ. त्यांच्याच हातात द्या. आणि सांगा, मी विचारायला नको होतं. तुम्ही घेतला नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं."

आमचे हे मुळात बोलण्यात कंजूस. पण त्यांनी ते वाक्य तिथल्या तिथे अक्कांना परत म्हणून दाखवलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. मग दर फेरीला जाताना तो डबा सीटच्या मागे असायचा. ढाब्यावर गाडी थांबली की हे उतरून चौकशी करायचे, आणि डबा घेऊन परत यायचे. मी म्हटलं, "ठेवा ना त्या ढाबेवाल्याकडे, पापड मऊ पडतील." हे म्हणाले, "पापड ठेवता येतील. बाकीचं कसं ठेवू?" माणूस आयुष्यात असं एखादंच वाक्य बोलतो आणि त्यावर बायको पुढची पंचवीस वर्षं काढते.

पाऊस लागून गेला होता, तेव्हा एकदाची गाठ पडली. हे घरी आले आणि तडक अक्कांकडे गेले. मीही मागोमाग. ह्यांनी सांगितलं ते इतकंच: अक्कांचे यजमान ढाब्यावर बाजेवर बसले होते. निरोप ऐकला. मग दोन चहा सांगितले. चहा आला, तो पिऊन झाला, आणि म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, ते पुन्हा एकदा सांगा."

"मग?" अक्कांनी विचारलं.

"मग पुन्हा सांगितलं."

डबा परत यायला आणखी काही दिवस गेले. अक्कांनी ओट्यावर उभ्या राहून झाकण काढलं. आत साखर होती, काठोकाठ. त्यांनी त्यातली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली, एक स्वतःच्या जिभेवर ठेवली, आणि म्हणाल्या, "धुळ्याची, आता बालवाडीला दुसरी बाई शोधावी लागेल त्यांना."

दिवाळीच्या पुढे अक्का गेल्या, यांच्याच गाडीने. एक वळकटी, एक पिशवी आणि तो डबा. सगळी गल्ली स्टँडवर आली होती. कौतिकबाईंनी ओटी भरली. विमल वहिनींनी पुस्तकाचा विषय काढला नाही, फक्त खिडकीतून वाटेतल्या खाण्याचं पुडकं दिलं. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून गेले होते आणि प्रत्यक्षात म्हटलं, "आता उन्हाळ्यात आम्ही काय करायचं?" अक्का म्हणाल्या, "तू वाच. तुझी जीभ चालते, मग डोळेही चालव." दुसऱ्या दिवशी हे परतल्यावर कळलं की सुरतेपर्यंत त्या गेल्याच नाहीत. ढाब्यावर गाडी थांबली तर धुतलेला सदरा घालून एक माणूस उभा होता. अक्का उतरल्या. यांनी गाडी काढताना आरशात बघितलं, तर त्याने वळकटी खांद्यावर घेतलेली होती आणि अक्का त्याच्यापुढे बोलत उभ्या होत्या. पहिलं वाक्य काय असेल ते आम्हाला माहीत होतं.

पुढचे उन्हाळे मी वाचलं. उदयराजला जेवू घातलं. पण खरं सांगते, तो गोल अक्कांशिवाय पुरा भरला नाही. चष्मा पुसायला त्या जेवढा वेळ घ्यायच्या तेवढा वेळ आम्ही सगळ्या अजून गप्प बसायचो. सुरतेकडे खोली घेतली आहे, यजमान आता घरी येतात, एवढं ढाब्यावरून कळत होतं.

आणि मग एका दुपारी, नव्वदीच्या दशकात, यांच्या गाडीला पारोळ्याच्या अलीकडे अपघात झाला. सायकलवाला आडवा आला आणि सापडला. त्याचं जिवावरचं निभावलं, पण लोकांनी यांना खाली ओढलं, मारलं, मग पोलीस, मग जबाब. घरी बातमी आली ती तिखटमीठ लावून. कुणी म्हणालं झोप लागली होती, कुणी म्हणालं घेतलेली होती. ज्यांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, त्यांच्याबद्दल. मी रात्रभर ऐकत होते आणि एक प्रश्न माझ्या जिभेवर येऊन बसला होता. तुम्ही वेगात होता का हो? एवढाच. माझी जीभ कशी ते तुम्हाला आता माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. शर्टाची बाही फाटलेली, ओठ सुजलेला. पायरीवर बसले आणि बुटाची लेस सोडायला लागले. गाठ सुटेना. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले आणि तो प्रश्न अगदी दातांपर्यंत आला. तेवढ्यात मला अक्का दिसल्या. म्हणजे खऱ्या नाही. चष्मा पदराने पुसणाऱ्या. मी तांब्या खाली ठेवला, यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, "आधीच सांगते. तुम्ही काही केलेलं नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग तिथेच, गल्लीच्या देखत, हा न बोलणारा माणूस माझ्या खांद्यावर कपाळ टेकून रडला. चौकशी पुढे बरीच लांबली, त्यातून जे निघायचं ते निघालं. पण आमच्या घरात भिंतीकडे तोंड करून कुणी निजलं नाही.

त्यानंतर यांना सुरतेच्या गाडीवर पाठवलं नाही. डेपोतली कामं, फार तर अमळनेरची फेरी. ढाब्याशी संबंध तुटला आणि अक्कांची खबर यायची बंद झाली. मला त्यांना त्या दुपारचं तेवढं कळवायचं होतं. त्या उन्हाळ्यात मी पापड वाळवले, यांच्या जागी आलेल्या ड्रायव्हरजवळ एक पत्र्याचा डबा दिला, आणि त्याला सांगितलं, "नवापूरच्या अलीकडे ढाबा आहे. अक्का म्हणून असतील, नाहीतर त्यांचे यजमान. त्यांच्याच हातात द्या. म्हणावं, धुळ्याचीने विचारलं नाही, सांगितलं." त्याने ते परत म्हणून दाखवलं नाही. नव्या पोरांना तेवढा धीर नसतो. पुढे तोही बदलून गेला, आणि रस्ता मोठा झाला तेव्हा ढाबाही तिथून उठला असं ऐकलं.

कौतिकबाई गेल्या. विमल वहिनी मुलाकडे पुण्याला असतात. पापड आता मीही विकत आणते. पण चैत्र लागला आणि दारात कुणी एसटीतलं माणूस उभं राहिलं की अजून माझं लक्ष आधी त्याच्या हाताकडे जातं. तो डबा परत आलेला नाही. रिकामा तर नाहीच आला.